हॅम रेडिओ : बिनमहत्त्वाच्या गप्पांचा छंद

साध्या घरगुती रेडिओवर रात्री शॉर्टवेव्हचा काटा सावकाश फिरवला, की दोन स्टेशनांच्या मधल्या जागेत कधी कधी बदक बोलल्यासारखा आवाज येतो. शब्द लागत नाहीत, पण बोलण्याचा ढंग कळतो. कुणीतरी काही विचारतंय, दुसरा उत्तर देतोय, मध्येच हसतोय. माझ्या वयाच्या पुष्कळ लोकांनी हा आवाज ऐकला असेल आणि ‘सिलोन लागत नाही’ म्हणून काटा पुढे सरकवला असेल. तो रेडिओतला बिघाड नव्हता. ती माणसं होती. सरकारी परवाना घेऊन, स्वतःच्या घरातून, स्वतःच्या यंत्रावरून एकमेकांशी बोलणारी हौशी माणसं. त्यांची पाठवण्याची पद्धत काटकसरीची असते. लहरीचा अगदी गरजेपुरता भागच ते पाठवतात, त्यामुळे थोड्या विजेत आवाज लांब जातो. वगळलेला भाग पुन्हा भरून घेण्याची सोय आपल्या घरच्या रेडिओत नसते, म्हणून आपल्या कानाशी येईपर्यंत माणसाचं बदक होतं.

आकाशवाणीवर मी बोलतो आणि तुम्ही ऐकता. तुम्हाला उलट काही विचारायचं तर पत्र लिहावं लागतं. हौशी रेडिओत जो ऐकतो तो बोलूही शकतो, हा मोठा फरक. मध्ये कुठली कंपनी नाही, मनोरा नाही, महिन्याचं बिल नाही. या घरचा अँटेना आणि त्या घरचा अँटेना, मध्ये नुसतं आभाळ. मात्र वाटेल त्याला बोलता येत नाही. केंद्र सरकारची परीक्षा द्यावी लागते, मग परवाना आणि त्याबरोबर एक सांकेतिक नाव मिळतं. भारतातली ही नावं बहुधा ‘व्हीयू२’ किंवा ‘व्हीयू३’ने सुरू होतात आणि पुढे दोन-तीन अक्षरं येतात. जगात ते नाव दुसऱ्या कुणाचं नसतं.

या लोकांना ‘हॅम’ म्हणतात. या इंग्रजी शब्दाचा जेवणाच्या ताटातला अर्थ आमच्या घरी चालण्यासारखा नाही, पण इथे त्याचा संबंध नाही. जुन्या तार कचेऱ्यांत धसमुसळ्या, कच्च्या तारबाबूला ‘हॅम’ म्हणून हिणवत. हौशी लोकांनी ती शिवीच नाव म्हणून लावून घेतली. मला मात्र त्यात आपलं हिंदी ‘हम’ ऐकू येतं. असो.

मला या छंदाची ओढ लागली ती एका कायद्याच्या वाक्यामुळे. हौशी केंद्रांनी आपसात काय बोलावं, याबद्दल आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमावलीत २००३ पर्यंत एक कलम होतं. बोलणं उघड भाषेत असावं, प्रयोगांसंबंधी असावं, आणि खासगी गोष्टी बोलायच्याच तर त्या इतक्या बिनमहत्त्वाच्या असाव्यात, की त्यांच्यासाठी सार्वजनिक तारसेवा वापरणं योग्य ठरू नये, असा त्याचा भावार्थ. हेतू अर्थातच व्यवहारी होता. हौशी लोकांनी फुकट निरोप पोचवून तारखात्याचं उत्पन्न बुडवू नये. पण कवी माणसाने हे वाक्य वाचलं की तो हरखून जाणारच. जगातल्या सगळ्या सरकारांनी एकत्र बसून, सह्या करून, ‘तुम्ही फक्त क्षुल्लक बोला’ असा नियम केला होता! पुढे कलमाची भाषा बदलली. भारतातली तारसेवा तर जुलै २०१३मध्ये बंदच झाली. क्षुल्लक बोलणं मात्र चालू आहे.

ते कसं चालतं, हे मी नागपूरच्या एका स्नेह्यांकडे बसून पाहिलं आहे. ते रेल्वेतून निवृत्त झालेले. गच्चीवरच्या छोट्या खोलीत त्यांचं यंत्र. हॅम लोक या खोलीला ‘शॅक’ म्हणतात, म्हणजे आपलं खोपटं. सकाळी चाळीस मीटरच्या पट्ट्यावर देशभरातले हॅम जमतात. एक जण सूत्रं सांभाळतो, बाकीचे पाळीपाळीने बोलतात. मी गेलो तेव्हा उत्साहाने म्हटलं, मलाही काही विचारू द्या. ते म्हणाले, ‘‘भाऊ, तुमच्यापाशी परवाना नाही. अन् असता तरी बोलाची घाई नाही करायची. आधी आयका.’’ मी ऐकलं. एकाकडे पाऊस होता, एकाकडे नव्हता. एकाच्या अँटेनावर माकडांनी झोके घेतले होते. एकाने नवं यंत्र जोडलं होतं आणि त्याचा आवाज कसा येतो हे त्याला सर्वांकडून ऐकायचं होतं. ‘फाइव्ह नाइन’ असं उत्तर मिळालं की समजायचं, आवाज स्पष्ट आणि भरपूर जोरात आहे. तासाभरात महत्त्वाचं म्हणावं असं एकही वाक्य कुणी बोललं नाही. मी मात्र जागचा हललो नाही.

तिथे बसल्या बसल्या आणखी एक गोष्ट लक्षात आली. हवेत माणसाची ओळख सुरू होते ती सांकेतिक नावाने. मग गाव आणि पहिलं नाव. आडनाव कुणी विचारत नाही. राजकारण आणि धर्म यांवर हवेत वाद घालायचे नाहीत, असा या मंडळींचा जुना शिरस्ता आहे. मी मराठीत लिहितो याला आता तीसेक वर्षं होतील, आणि अजूनही संमेलनात माझं नाव ऐकल्यावर कुणी तरी प्रेमाने म्हणतं, ‘‘तुमचं मराठी फारच छान आहे हो!’’ बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण हे कौतुक शेजारच्या खुर्चीवरच्या देशपांड्यांच्या वाट्याला येत नाही, हे मला दिसतं. त्या खोपट्यात बसून मी पाऊण डझन माणसांच्या गप्पा ऐकल्या आणि त्यांतला कोण कोणत्या घरचा, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. हा काही फार मोठा सामाजिक विजय नव्हे. माकडांच्या आणि पावसाच्या गप्पांतच तो शक्य होतो, हेही मला कळतं.

या सकाळच्या कट्ट्यावर आयुष्यभर समाधानी राहणारे हॅम आहेत, तसे त्याकडे ढुंकूनही न पाहणारे आहेत. पुष्कळांचा जीव लांबच्या देशात असतो. आपल्या डोक्यावर साधारण शंभर ते चारशे किलोमीटर उंचीवर सूर्याच्या किरणांनी हवेचे कण विद्युतभारित होतात. शॉर्टवेव्ह त्या थरावरून वाकून परत जमिनीकडे येते, जमिनीवरून पुन्हा वर जाते. भंडारा जिल्हा तलावांचा. इथल्या पोरांना हे समजावून सांगायला नको. चपटी खापरी तिरपी फेकली की पाण्यावर टप्पे घेत पलीकडच्या काठापर्यंत जाते, तसंच हे. फक्त हा तलाव दिवसा वेगळा आणि रात्री वेगळा असतो, आणि सूर्यावरच्या डागांच्या साधारण अकरा वर्षांच्या फेऱ्याप्रमाणे त्याचं पाणी चढतं-उतरतं. म्हणून दुपारी ज्या पट्ट्यावर जेमतेम पुणे लागतं, तिथेच पहाटे एखादा ऑस्ट्रेलियातला गृहस्थ बोलतो. त्याच्याशी दोन वाक्यं झाली की पत्त्यावर कार्ड पाठवायचं. या कार्डांना ‘क्यूएसएल’ म्हणतात. तारीख, वेळ, लहरीची जागा आणि पाठीमागे गावाचं चित्र. शंभर देशांची कार्डं जमवणं हा या छंदातला मानाचा टप्पा. काहीजण तर दुर्मीळ बेटांवर यंत्रं घेऊन जातात, कारण तिथे एकही हॅम राहत नाही आणि जगभरचे संग्राहक त्या एका कार्डासाठी आसुसलेले असतात. आपले अंदमान आणि लक्षद्वीप या यादीत वेगवेगळे ‘देश’ म्हणून मोजले जातात.

मोर्सच्या लिपीचं वेड असलेल्यांची जात आणखी निराळी. आखूड ठोका आणि लांब ठोका, एवढ्यावर सगळी इंग्रजी वर्णमाला. लांब ठोका आखडाच्या तिप्पट. आमच्या छंदःशास्त्रात गुरू हा लघूच्या दुप्पट असतो, पण कान तोच. ‘कुणी आहे का बोलायला?’ असं सगळ्या जगाला विचारायचं असेल तर हॅम ‘सीक्यू’ ही दोन अक्षरं पाठवतो. ती लगावलीत मांडली तर होतात गालगाल, गागालगा. गझल लिहिणाऱ्याला ‘गागालगा’ शिकवावं लागत नाही, ते त्याच्या बोटांत असतं. निरोप घेताना हॅम ‘७३’ हा आकडा पाठवतात, म्हणजे शुभेच्छा. सातच्या ठोक्यांत दोन गुरू आणि तीन लघू, तिनाच्या ठोक्यांत तीन लघू आणि दोन गुरू. पुढून वाचा नाही तर मागून, लय तीच राहते. मुरलेले लोक नुसत्या ठोक्यांच्या वळणावरून समोर कोण बसला आहे हे ओळखतात, आपण अक्षरावरून पत्र कुणाचं ते ओळखतो तसं. आणि आवाज जिथे खरखरीत बुडून जातो तिथे हे ठोके तरतात, म्हणून ही कला अजून जिवंत आहे.

ज्यांना बोलण्यापेक्षा हातांनी काही करण्यात गोडी असते, त्यांच्यासाठी तर हा छंद म्हणजे न संपणारं कारखान्याचं काम. हैदराबादचे अशहर फरहान यांची गोष्ट सांगण्यासारखी आहे. परदेशी यंत्रं आपल्या माणसाला परवडत नाहीत, म्हणून त्यांनी २०००नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ‘बिटएक्स’ नावाच्या यंत्राचा आराखडा केला. सुटे भाग असे निवडले, की ते कुठल्याही रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात मिळावेत. खास गाभ्याऐवजी चक्क नळाच्या वॉशरवर तार गुंडाळून कॉइल केली. आराखडा सगळ्यांना खुला ठेवला. जगभरच्या हौशी लोकांनी तो बनवला, सुधारला, आपापल्या नावाने रूपं काढली. पुढे तयार पाट्या विकायची वेळ आली तेव्हा कॉइल गुंडाळण्याचं काम हैदराबादेतल्या बायकांच्या गटाने हाताने केलं. आमच्याकडे बिडी वळणाऱ्या बायकांची बोटं ज्याने पाहिली आहेत, त्याला यात नवल वाटणार नाही. पितळेच्या भांड्यांच्या या शहरात तांब्याची तार कशी वागते हे ठाऊक असलेले हातही थोडे नाहीत. चाळीस मीटरच्या पट्ट्याचा साधा अँटेना म्हणजे मधोमध तोडलेली वीस मीटर तार, दोन झाडांत ताणलेली. यातलीच एक शर्यत कमीत कमी विजेत जास्तीत जास्त लांब जाण्याची. पाच वॅट, म्हणजे देवघरातल्या छोट्या एलईडी दिव्याइतकी वीज, आणि तेवढ्यात समुद्र ओलांडायचा.

मैदानी प्रकारही आहे. एक जण लहानसं यंत्र झुडपात लपवतो, बाकीचे दिशा दाखवणारा अँटेना हातात धरून त्याचा माग काढत पळतात. याला कोल्ह्याची शिकार म्हणतात. कोल्ह्याला काही होत नाही. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही अशाही अनेकांना हा छंद आपलासा वाटला आहे. इथे सगळा कारभार कान आणि बोटं यांचाच, आणि समोरच्याला यांतलं काही सांगण्याचंही कारण पडत नाही.

आभाळाकडे पाहणाऱ्यांना भारताने चांगलं खेळणं दिलं होतं. ५ मे २००५ रोजी इस्रोने ‘हॅमसॅट’ नावाचा सुमारे साडेबेचाळीस किलोचा उपग्रह खास हौशी लोकांसाठी सोडला. तो डोक्यावरून जात असताना त्याच्यामार्फत बोलता येई. जुलै २०१४पर्यंत त्याने साथ दिली. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी बनवलेला, किलोभरही वजन नसलेला ‘स्वयम्’ २२ जून २०१६ रोजी वर गेला, तोही हौशी लहरींवरून निरोप ठेवून घेऊन पुढे पोचवण्याच्या प्रयोगासाठी. अंतराळ स्थानकातही हौशी रेडिओचं यंत्र आहे. जुलै २०२५मध्ये शुभांशु शुक्ला यांनी तिथून भारतातल्या शाळकरी मुलांशी हॅम रेडिओवर गप्पा मारल्या. काही हौशी तर चंद्रावर लहर आपटून अडीच सेकंदांनी येणारा स्वतःचाच प्रतिध्वनी ऐकतात. अलीकडे संगणकाला जोडून खेळण्याचे प्रकार वाढले आहेत. त्यांतला २०१७मध्ये आलेला ‘एफटी-८’ ज्यांनी केला, त्यांतले जो टेलर हे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळालेले शास्त्रज्ञ आहेत. कानाला ऐकूही न येणारे संकेत यात संगणक वेचून काढतो. हॅम लोकांत त्यावरून भांडण आहे, की यात माणूस बोलला कुठे? मी बोलण्याच्या पक्षाचा. पण ज्याच्या घरावर चांगला अँटेना बसत नाही त्याला यामुळे दूरचा देश मिळतो, हेही खरं.

एवढं सगळं खेळणंच आहे, तर सरकारं त्याकडे इतक्या बारकाईने का पाहतात, असा प्रश्न पडेल. उत्तर मुंबईच्या इतिहासात आहे. १९३९मध्ये महायुद्ध सुरू झालं तेव्हा इंग्रज सरकारने हौशी परवाने रद्द केले आणि यंत्रं जमा करायला सांगितलं. नरिमन प्रिंटर नावाच्या मुंबईच्या हॅमकडे काही भाग उरले होते, आणि मुख्य म्हणजे कसब उरलं होतं. १९४२च्या ऑगस्टमध्ये, ‘चले जाव’चे पुढारी तुरुंगात गेल्यावर, बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला, त्याचं यंत्र याच प्रिंटरनी उभं केलं. दर थोड्या दिवसांनी जागा बदलायची. भारतात कुठून तरी, ४२.३४ मीटरवर, एवढाच पत्ता सांगायचा. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलीस पोचले, आणि त्यांना वाट दाखवणारा पकडला गेलेला प्रिंटरच होता. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. इतिहासाची ही दुसरी बाजू सांगायची टाळू नये. कसब कुणाच्या हातात आहे यावर सारं अवलंबून असतं, आणि तो हात एकाच माणसाचा असला तरी दोन दिवस सारखा नसतो. हिशेब केला तर ४२.३४ मीटर म्हणजे सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ. माझे स्नेही सकाळी माकडांच्या आणि पावसाच्या गप्पा ऐकतात, तो पट्टा हाच.

आणि मग २६ डिसेंबर २००४. भारती प्रसाद आणि त्यांचे हैदराबादचे सहकारी त्या महिन्यात अंदमानात होते. कित्येक वर्षांनी तिथून हौशी प्रक्षेपणाला परवानगी मिळाली होती आणि जगभरचे हॅम त्या कार्डासाठी रांग लावून होते. त्या सकाळी भूकंप झाला, मागून त्सुनामी आली, फोन बंद पडले. खेळासाठी नेलेली यंत्रं त्याच दिवशी बचावाच्या कामाला लागली, आणि बेटांवरचे निरोप मुख्य भूमीला मिळू लागले. कोण जिवंत आहे, कुठे काय हवं आहे, असे निरोप. त्याआधी १९९३च्या किल्लारीच्या भूकंपात आणि २००१च्या भूजच्या भूकंपातही हॅम यंत्रं घेऊन गेले होते. एरवी परक्याचा निरोप पोचवायला हौशी केंद्राला मनाई. आपत्तीत नियमच ती मुभा देतो. पण आपत्तीच्या दिवशी परवाना काढून, अँटेना बांधून शिकता येत नाही. तिथे उपयोगी पडतात ते वर्षानुवर्षं हवापाण्याच्या गप्पा मारत बसलेले कान.

ऑगस्ट २०२०च्या अखेरीस वैनगंगा भंडारा शहरात शिरली, तेव्हा मला हे सारखं आठवत होतं. पाणी वरून, मध्य प्रदेशातल्या संजय सरोवरातून सोडलेलं, त्यात इकडचा पाऊस. माझ्या ओळखीच्या एका घरात खालचा मजला बुडाला, वीज गेली, फोनची बॅटरी उतरली. मुंबईतल्या मुलाला फक्त एवढंच कळायला हवं होतं, की आई वरच्या मजल्यावर आहे आणि तिने चहा घेतला आहे. दीड दिवस कळलं नाही. जुन्या कलमाच्या मोजपट्टीने हा निरोप क्षुल्लकच. सिवनीपासून भंडारा, पवनीपर्यंत नदीच्या काठाने चार-पाच हॅम असते, प्रत्येकापाशी मोटारसायकलच्या बॅटरीवर चालणारं एक यंत्र असतं, तर असे किती निरोप गेले असते, ते ज्याचं त्याने मोजावं. प्रशासनाकडे त्याची साधनं असतात, असावीतच. मी बोलतो आहे ते चहाच्या निरोपाबद्दल.

शिकायचं कसं, हे विचाराल तर फार अवघड नाही. वयाची बारा वर्षं पूर्ण हवीत. परीक्षा दूरसंचार विभागाचा ‘डब्ल्यूपीसी’ कक्ष घेतो. तिचे दोन भाग, थोडी वीज आणि रेडिओची तोंडओळख, आणि नियम. खालच्या वर्गाला मोर्स लागत नाही, वरच्या वर्गाला लागतं. सायन्सच असायला हवं असं नाही. शाळेतलं भौतिकशास्त्र विसरलेल्या माणसालाही दोन महिन्यांत तयारी होते, असं माझे स्नेही सांगतात. परवान्याशिवाय बोलणं गुन्हा आहे, बाजारात वॉकीटॉकी सहज मिळते म्हणून फसू नये.

आणि पवनीच्या किंवा तुमसरच्या एखाद्या बारा वर्षांच्या पोराने परवाना मिळवून पहिल्यांदा ‘सीक्यू’ म्हटलं, तर पलीकडून सत्तर वर्षांचे कुणी आजोबा त्याला ‘ओएम’ म्हणून हाक मारतील. ओएम म्हणजे ‘ओल्ड मॅन’, अर्थात म्हातारबुवा. हवेत सगळे पुरुष ओएम आणि सगळ्या बायका, वय काही असो, ‘यंग लेडी’.